शेवाळात निजवलेला दगड

कोपनहेगन, १७ नोव्हेंबर १९१२

प्रिय रानवेग,

जुलैमध्ये आइसलँडहून निघताना म्हणालो होतो, बोटीतून उतरल्याबरोबर पत्र टाकतो. चार महिने झाले. कामाचं कारण पुढे करत नाही. ज्याला लिहायचं असतं तो लिहितोच. माफ कर.

चौदा वर्षांनी घरी आलो आणि सहा दिवसांत परत फिरलो, हे तुला आवडलं नाही, ते मला धक्क्यावरच कळलं होतं. पण ते सहा दिवस अजून माझ्याजवळ आहेत. तुझ्या हातचं घट्ट दह्यासारखं स्कीर, गवत कापताना औदुनने कोयत्याला दिलेल्या शिव्या, आणि उन्नुरचा प्रश्न: "मामा, तू एवढा शिकलास, मग दगडच का घासतोस?" तिला उत्तर तेव्हाच द्यायचं होतं. आता देतो. तू दातात धरून ज्या खडीसाखरेवर कॉफी पितेस, तिचा कस पाहायचं यंत्र आमच्या खाणीतल्या काचेसारख्या सिल्फुरबेर्ग दगडाशिवाय चालत नाही. जगात दुसरीकडे असा स्वच्छ दगड निघतच नाही म्हणतात. म्हणून घासतो.

तिच्यासाठी सोबत एक तुकडा पाठवतो आहे. मोठा दगड प्रिझमसाठी कापला त्याचा हा कोपरा. कडेला थोडी खोट आहे, आम्हाला चालत नाही, तिला चालेल. स्तोत्रांच्या पुस्तकावर ठेवायला सांग. एका ओळीच्या दोन दिसतील. मग तुकडा सावकाश फिरवायचा. एक ओळ जागची हलणार नाही, दुसरी तिच्याभोवती फिरेल. बाबा न हलणारीला घरची आणि फिरणारीला पाहुणी म्हणायचे, आठवतं? विद्यापीठात त्यांना मोठी नावं आहेत. मला बाबांचीच बरी वाटतात.

आणखी एक. कारखान्याचे मालक वेस्तरगोर यांनी मला कापणीच्या टेबलाचा मुख्य केलं. बाबा असते तर काही बोलले नसते, पण संध्याकाळी दोनदा चिलीम भरली असती.

औदुनला नमस्कार.

तुझा
ग्रीमुर

*वहीत, त्याच दिवशी.* पत्र तीनदा वाचलं. एक शब्दही खोटा नाही. तो मोठा दगड कुठून आला एवढंच लिहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी मेव्हणा औदुन म्हणाला होता, "खाणीच्या टाकाऊ ढिगातला हवा तो घेऊन जा." निघायच्या सकाळी मी शेडमागच्या ढिगाकडे गेलो. कडेला शेवाळाखाली हाताला एक जड, चिखलाने माखलेला दगड लागला. पावाएवढा. तो घेतला. बोटीवर धुतला आणि वर्तमानपत्रावर ठेवला, तर धुकं नाही, तडा नाही, फक्त एका कोपऱ्यात तीन रेघा. असा दगड मी नोकरीच्या सतरा वर्षांत पाहिलेला नाही. पुढच्या बंदरातून औदुनला कळवायला हवं होतं. उद्या: औदुनला वेगळं पत्र लिहिणे.

ह्वाम्मुर, १४ जानेवारी १९१३

भाऊ ग्रीमुर,

तुझं पत्र नाताळाच्या आदल्या आठवड्यात आलं. कारण पुढे करत नाही असं लिहून कारण द्यायचं टाळतोस, ही तुझी लहानपणापासूनची युक्ती. पण पत्र आलं याचा आनंद झाला. या वर्षी आनंद व्हावा असं दुसरं काही आलं नाही.

तुला कळवायचं नाही असं औदुनने बजावलं होतं. मी कळवते आहे. तू गेलास त्याच आठवड्यात त्याला खाणीवरून काढलं. चोर म्हणून.

तू इथे असतानाच्या चौथ्या दिवशी त्याला मोठा दगड सापडला होता. दोन दिवस खपून त्याने तो लाकडी पाचरीने एकट्याने सोडवला. इतका स्वच्छ दगड बाबांनीही पाहिला नसेल म्हणाला. एकच खोड, एका कोपऱ्यात कुरव पक्ष्याच्या पायासारख्या तीन रेघा. हे मला अंथरुणात कुजबुजत सांगितलं, कारण दगड निजला असताना त्याची वाच्यता करत नाहीत. आपल्या बाबांच्या रीतीप्रमाणे त्याने तो ओल्या शेवाळात गुंडाळून ढिगाच्या उत्तरेच्या अंगाला निजवला. तिथे ऊन येत नाही, कुणी पाय ठेवत नाही. तीन दिवसांनी उठवायला गेला तर शेवाळ होतं, दगड नव्हता.

तसाच ठेकेदाराकडे गेला आणि सगळं सांगितलं. ठेकेदार ब्रेकमान इथला नाही, दोन वर्षांपूर्वी आला. तो म्हणाला, "एवढा दगड सापडला आणि मला तीन दिवस पत्ता नाही?"

औदुन म्हणाला, "निजला होता."

"दगड निजतो?"

"थंड चिखलातून काढून तुमच्या शेगडीच्या खोलीत आणला असता तर आतून फुटला असता. मग तुम्हीच मला शिव्या घातल्या असत्या."

"चांगला माल कचऱ्याच्या ढिगात चोर ठेवतात, औदुन. प्रामाणिक माणसं कपाटात ठेवतात."

वसंतात न्यायाधीशांपुढे सुनावणी आहे. म्हणून लिहिते. तू निघालास त्या सकाळी औदुन खाणीत होता, मी गायींकडे. शेडपाशी तू एकटाच गेला होतास. तुझे बूट चिखलाने भरले होते, मीच पुसले. तिथे कुणी दिसलं का? कुणाच्या पावलांच्या खुणा? ढीग उकरलेला होता का? जे पाहिलंस ते डॅनिशमध्ये, तुझ्या त्या सुंदर अक्षरात लिहून पाठव. तुझ्या शब्दाला इथे वजन आहे. ढिगातला एक दगड ने म्हटलं तरी रिकाम्या हाताने गेलेला माणूस, असं मी सगळ्यांना सांगते.

उन्नुर तुकडा उशाखाली घेऊन झोपते. औदुनने तो खिडकीपाशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिला. "चांगला दगड आहे," म्हणाला आणि मेंढ्यांकडे गेला तो जेवायलाही आला नाही. खाण सुटली, आता दगड नुसता दिसला तरी त्याला त्रास होतो.

देव तुझ्याजवळ असो.

रानवेग

कोपनहेगन, ३ मार्च १९१३

प्रिय रानवेग,

तुझं पत्र वाचून मी सुन्न झालो. औदुनसारख्या माणसावर असा आळ यावा याहून मोठा अन्याय नाही. न्यायाधीशांच्या नावे पत्र सोबत जोडलं आहे. औदुनला मी लहानपणापासून ओळखतो, त्याच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि दगड शेवाळात ठेवण्याची रीत आमच्या वडिलांचीच आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्या सकाळचं विचारलंस म्हणून तेही लिहिलं: मी शेडमागे गेलो होतो, कुणी परका दिसला नाही, आणि ढीग जसा असतो तसाच होता.

धीर धर. उन्नुरला माझे आशीर्वाद.

ग्रीमुर

*वहीत, त्याच दिवशी.* "ढीग जसा असतो तसाच होता." हे वाक्य पत्रात माझ्या हाताने लिहिलं गेलं. हाताने म्हणजे मीच.

आज स्वतःला एकेक प्रश्न विचारून पाहिला. उचलताना ठाऊक होतं का? नव्हतं असं वाटतं. पण शेवाळ कशासाठी असतं ते मला ठाऊक होतं. आठ वर्षांचा असताना बाबांच्या हाताखाली मीच दगड निजवले आहेत. मग त्या सकाळी ते आठवलं नाही, की आठवू दिलं नाही? परवानगी होती तर दगड पेटीत तळाशी, सदऱ्यांच्या खाली का ठेवला? रानवेगला का दाखवला नाही? याचं उत्तर मला येत नाही, आणि येत नाही म्हणजे येतं.

दगड आता नाही. वेस्तरगोरनी "कुठून आणला?" विचारलं, मी "वडिलांचा जुना" म्हणालो. त्याचे दोन मोठे प्रिझम झाले. परदेशातल्या एका विद्यापीठाने मागवले होते, गेल्या महिन्यात रवाना झाले. ते कसे करतात ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे मन थोडं थाऱ्यावर येईल. दगड कर्णावर तिरपा कापायचा. दोन्ही अर्ध्या तोंडांना पाण्यासारखी चकाकी आणायची. मग झाडाच्या स्वच्छ डिंकाने ती पुन्हा जोडायची. आत शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो. पाहुणा डिंकाच्या थरातून सरळ पार होतो. घरचा त्या थरावर आपटून बाजूला फेकला जातो. बाजूची भिंत आम्ही काळ्या रंगाने माखून ठेवतो, म्हणजे तो तिथेच विरतो आणि पाहणाऱ्याला त्रास देत नाही.

खरं सांगितलं तर टेबल जाईल, कदाचित नोकरीही. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला दुसरं कोण ठेवणार?

उद्या: पत्र टाकण्याआधी ते वाक्य खोडणे.

*वहीत, ४ मार्च.* पत्र गेलं. वाक्य तसंच आहे.

ह्वाम्मुर, २ जून १९१३

ग्रीमुर,

सुनावणी झाली. तू वाट पाहत असशील म्हणून लिहिते.

न्यायाधीशांनी तुझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सचोटीचं वाचलं तेव्हा मी औदुनचा हात धरला. मग ढिगाचं आलं. ते थांबले, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे पाहुणे निघाले तोपर्यंत ढिगाला कुणी हात लावलेला नव्हता. त्यानंतर दगड कुठे आहे हे कुणाला ठाऊक होतं?"

एकट्या औदुनला ठाऊक होतं, हे त्यानेच आधी सांगितलेलं होतं.

त्यांनी विचारलं, "तुमच्या मेव्हण्यांनी लिहिलेलं तुम्हाला मान्य आहे?"

औदुन म्हणाला, "ग्रीमुर शिकलेला माणूस आहे. तो लिहितो ते पाहूनच लिहीत असेल."

"तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?"

"नाही."

घरी येताना मी सगळ्या वाटेवर त्याच्याशी भांडले. तोंडात काय भरलं होतं, विचारलं. तो म्हणाला, "रानवेग, पुढे घोडं जपून हाक, ओढ्याला पाणी आहे."

तुरुंग नाही. पण पुन्हा कुठल्याही खाणीवर पाय ठेवायचा नाही. आणि पाद्रीबाबांनी वर्षाच्या नोंदवहीत आमच्या घराचा वागणुकीचा रकाना बदलला. औदुनच्या नावापुढे इतकी वर्षं "प्रामाणिक, वाचता येतं" असं होतं. आता "चोरी शाबीत" आहे. "वाचता येतं" तेवढं राहू दिलं आहे, त्यांची कृपा. रविवारी चर्चमध्ये गुद्रूनबाई माझ्या बाकावरून उठून पुढे जाऊन बसल्या. मी त्यांना म्हटलं, "सांभाळून, पुढच्या बाकावर वारा लागतो."

तू चांगल्यासाठीच लिहिलंस. आपल्या बाजूने लिहिलेलं उलटं पडलं, त्याला तू काय करणार?

औदुन आता बोटीवर जातो. त्याला समुद्र सोसत नाही, हे तुला माहीत आहे.

रानवेग

*वहीत, २१ जून.* तिने मला माफ केलं आहे, आणि तेही न केलेल्या चुकीबद्दल. तिला खरं लिहिण्याचा मसुदा केला. पाच पानं झाली. त्यातली चार माझ्या मनःस्थितीबद्दल आहेत. फाडला. उद्या: एका पानात लिहिणे.

*वहीत, ९ ऑगस्ट.* रानवेगला कॉफी, खडीसाखर आणि उन्नुरला लोकरी शाल पाठवली. बरोबर चार ओळी. त्या चार ओळींत हवेबद्दल दोन.

ह्वाम्मुर, ३० नोव्हेंबर १९१३

ग्रीमुर,

ऑक्टोबरच्या अठरा तारखेला औदुनची बोट परत आली नाही. सहा जण होते. दोघं किनाऱ्याला लागले, त्यात तो नाही.

तुला हे महिन्याभरापूर्वी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मध्ये दुसरं कळलं.

बातमी आल्यानंतर आठव्या दिवशी उन्नुर तुझा तुकडा घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "आई, हा आता ठेवू का फेकू? बाबांनी तुला सांगायचं नाही म्हटलं होतं, पण बाबा आता नाहीत." मी म्हटलं, "काय सांगायचं नाही?" तिने मला खिडकीपाशी नेलं आणि कोपरा उजेडात धरला. कुरवाचा पाय. तीन बोटं, मधलं लांब.

औदुनने मला अंधारात वर्णन केलेला दगड मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. तो माझ्या मुलीच्या उशाखाली दहा महिने होता.

तुकडा आला त्याच दिवशी औदुनने तो ओळखला होता. उन्नुर म्हणते, तिने विचारलं, "मग मामाला पत्र लिहा ना," तर तो म्हणाला, "दगड काय, दुसरा निघेल. तुझ्या आईला भाऊ एकच आहे."

म्हणजे न्यायाधीशांनी तुझं पत्र वाचलं तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या हातात माझा हात होता. आणि तो म्हणाला, तू पाहूनच लिहीत असशील.

तुला दोनच प्रश्न विचारते. तुकडा पाठवलास तेव्हा तो दगड औदुनचा आहे हे तुला ठाऊक होतं का? आणि न्यायाधीशांना लिहिलंस तेव्हा ठाऊक होतं का? तुझं मन कसं होतं ते नको. हो की नाही तेवढं लिही.

वसंतात चर्चमध्ये सगळ्यांपुढे उन्नुरचं दृढीकरण आहे. पाद्रीबाबा मुलांची नावं बापाच्या नावासह नोंदवहीतून वाचतात, आणि सगळं गाव त्या रकान्याकडे कान लावून बसलेलं असतं. त्याआधी न्यायाधीशांना खरं लिही. औदुनसाठी लिही असं म्हणत नाही, त्याला आता कशाचीच गरज नाही. ती पोर बापाचं नाव ऐकताना उभी असेल, तिच्यासाठी लिही.

तुकडा परत पाठवते आहे. उन्नुरने स्वतः लोकरीत गुंडाळला, थंडीत फुटू नये म्हणून. मी गुंडाळला नसता.

औदुनचा हिशोब चुकला. मला एकही भाऊ नाही.

रानवेग

कोपनहेगन, १२ फेब्रुवारी १९१४

रानवेग,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दगड औदुनने निजवलेला होता हे ठाऊक नव्हतं. तो टाकाऊ नाही हे ठाऊक होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो.

न्यायाधीशांना लिहिलेलं पत्र आइसलँडिक आणि डॅनिश दोन्हींत तयार आहे. त्याची एक नक्कल पाद्रीबाबांना. दगड मी घेतला, कधी, कुठून, त्याचं काय झालं, आणि माझ्या पहिल्या पत्रातलं कोणतं वाक्य खोटं आहे, एवढंच त्यात आहे. दीड पान.

तू विचारलं नाहीस ते लिहीत नाही.

ग्रीमुर

*वहीत, त्याच दिवशी.* तिचं पत्र नाताळात आलं. आज फेब्रुवारीची बारा तारीख. पत्र तयार व्हायला एक दिवस लागला, आणि ते जानेवारीच्या सहा तारखेपासून टेबलाच्या खणात आहे.

आज दुपारी वेस्तरगोरांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दगड वडिलांचा नव्हता, मेव्हण्याचा होता, त्याच्यावर आळ आला, तो बुडाला. ते भिंगावरची धूळ पुसत ऐकत होते.

"प्रिझममध्ये काही दोष निघाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"विद्यापीठाची तक्रार?"

"नाही."

"मग टेबलावर जा, ग्रीमुर. दगड कुठल्या ढिगातून आला हे प्रकाशाला कळत नाही." भिंग खाली ठेवून म्हणाले, "ते पत्र मात्र टाकू नका. माणूस गेला. आता त्यात कुणाचं भलं आहे?"

मी टेबलावर गेलो. टेबल तिथेच होतं. ज्याच्या भीतीने मी वर्षभर गप्प राहिलो, ते कधीच धोक्यात नव्हतं. मार्चमध्ये विचारलं असतं तरी त्यांनी हेच उत्तर दिलं असतं, आणि औदुन आज लाकडी पाचर घेऊन खाणीत असता. भीती खरी निघाली असती तर निदान माझ्याकडे एक कारण उरलं असतं.

उन्नुरने गुंडाळलेली लोकर मी अजून सोडलेली नव्हती. आता सोडली. तुकड्याला तडा नाही. या पानावर ठेवला तर "हो" या शब्दाचे दोन झाले. फिरवला. एक जागेवर राहिला, दुसरा त्याच्याभोवती फिरत राहिला. तिरपा धरला, उलटा धरला, पण दोन्ही एकावर एक येईनात. येणार नाहीत हे मी शिकलेलो आहे. एकाच दिशेने पाहिलं तर ते एक होतात, आणि ती दिशा मिळवायला हा कोपराच घासून सपाट करावा लागतो. मग कुरवाचा पाय जाईल. घासणार नाही.

मागची पानं चाळली. "उद्या"च्या ओळीने संपणाऱ्या तीन नोंदी आहेत. एकही झालेली नाही. म्हणून आज जेवणाआधीच तिन्ही पाकिटांवर पत्ते घालून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि कोट खुंटीला न लावता खुर्चीवर टाकला.

उद्या: नऊला आइसलँडचं जहाज सुटण्याआधी पत्रं टपालात टाकणे.